गेम बाजारात आला की पहिले दहा रिव्ह्यू कुणाचे हवेत?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, नमस्कार. प्रश्न छोटा आहे, पण आमच्यात त्यावरून रोज वाद होतोय, म्हणून इथं मांडतो.

आम्ही तिघं मित्र मिळून कोडी सोडवायचा एक छोटा गेम करतोय. बारवेत उतरायचं, पायऱ्यांचे टप्पे फिरवायचे, कोनाड्यातले दगड हलवायचे आणि पाणी हव्या त्या पायरीपर्यंत आणायचं. गेम पीसीसाठी आहे, स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाईन दुकानात येईल. पान तयार आहे, विशलिस्ट (गेम आला की घ्यायचा म्हणून नोंद करून ठेवणाऱ्यांची यादी) हळूहळू जमतेय.

वाद असा आहे. स्टीमवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला गुणच मिळत नाहीत. पानावर नुसतं दिसतं की अजून रिव्ह्यू कमी आहेत. एक मित्र म्हणतो, मामा, मावशी, कॉलेजचा ग्रुप, सगळ्यांना पहिल्याच संध्याकाळी गेम घ्यायला लावू आणि दहाचा आकडा रातोरात पार करू. दुसरा म्हणतो, असलं काही करायचं नाही, येतील तेव्हा येतील. मला वाटतं पहिल्या रिव्ह्यूंवर पुढचं बरंच काही ठरतं, त्यामुळं हातावर हात ठेवून बसणंही परवडणार नाही. २०२४ मध्ये एकट्या स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम आले. त्यात आमचा कुणाला दिसणार?

ज्यांनी हे केलंय किंवा जवळून बघितलंय, त्यांनी सांगा.

परभणीचा_पोऱ्या

बारवेचा गेम लातूरकरांनी करायचा आणि परभणीनं बघत बसायचं? चारठाणा आमचं, वालूर आमचं. जगात जर्मनी, भारतात परभणी! एक तरी लेव्हल आमच्या नावानं टाका, रिव्ह्यू फुकट देतो.

देवगिरी (छ. संभाजीनगर)

पोऱ्या, फुकट मिळालेल्या गेमचा रिव्ह्यू गुणात धरत नाहीत. विकत घ्यावा लागेल तुला :)

मांजराकाठ, मी गेम टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो. दिसणं आणि विकलं जाणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चांगल्या रिव्ह्यूंची टक्केवारी जास्त म्हणून स्टीम गेम वर आणतं, असा सर्वसाधारण समज आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं डेव्हलपरांना दिलेली माहिती वेगळी आहे. गेम चाळीस टक्क्यांच्या खाली घसरला, म्हणजे ‘मोस्टली निगेटिव्ह’मध्ये गेला, तर तो पुढं करायचं टाळलं जातं. त्याच्या वर ७५ टक्के आहेत की ९२, यानं आपोआप दिसण्यात थेट फरक पडत नाही. लोक गेम घेतात का, खेळतात का, त्यातून पैसा किती येतो, यावर दुकान पुढं दाखवायचं की नाही ते ठरवतं.

मग रिव्ह्यू कुठं येतात? ग्राहक पानावर आला, ट्रेलर बघितला, आता खिशात हात घालायचा की नाही, त्या क्षणी. तिथं निळ्या अक्षरात ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ दिसलं तर घेणारे वाढतात, तपकिरी ‘मिक्स्ड’ दिसलं तर परत जाणारे वाढतात. घेणारे वाढले की दुकान आणखी लोकांना दाखवतं. म्हणजे रिव्ह्यूंचा परिणाम आहे आणि मोठा आहे, पण तो वळसा घालून येतो.

पायऱ्या अशा आहेत. ८० टक्क्यांच्या वर आणि ५० पेक्षा कमी रिव्ह्यू असतील तर नुसतं ‘पॉझिटिव्ह’. पन्नास झाले की ‘व्हेरी पॉझिटिव्ह’. ९५ टक्के आणि ५०० रिव्ह्यू झाले तर ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’. ७० ते ७९ म्हणजे ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, ४० ते ६९ ‘मिक्स्ड’. दहावा रिव्ह्यू आला की पानावरची वर्दळ वाढते, असं बरेच छोटे डेव्हलपर आपापले आलेख दाखवून सांगतात. त्यामुळं तुमच्या मित्राची दहाची घाई मला कळते.

पण सप्टेंबर २०१६ पासून बाहेरून मिळालेली ‘की’ (गेम उघडायचा कोड) टाकून घेतलेल्या गेमचे रिव्ह्यू गुणांत मोजत नाहीत. तेव्हा अशा ‘की’ वाटून काही हाती लागणार नाही. ओळखीच्यांनी स्टीमवरूनच पैसे देऊन घेतला तरच तो रिव्ह्यू मोजला जाईल.

उदगीरकर

मी गेम खेळत नाही, आडतीवर बसतो. पण वाचून एक गोष्ट डोळ्यासमोर आली. लातूरच्या मोंढ्यात सकाळी सोयाबीनची, तुरीची पोटली, म्हणजे दिवसाचा पहिला भाव निघतो. तो भाव निघाला की दिवसभराचा सौदा त्याच्याच आजूबाजूला फिरतो. पोटलीचा भाव पडला की मागून आलेल्या चांगल्या मालालाही तो भाव सोडून वर जायला लई जोर लावावा लागतो. तुमचे पहिले दहा रिव्ह्यू म्हणजे पोटलीच की.

मांजराकाठ (लातूर)

उदगीरकर काका, अगदी हेच म्हणायचं होतं मला!

सिंदफणा (बीड)

उदगीरकर दादा, पोटलीचं बरोबर आहे, पण मोंढ्यात खरेदीदार पोत्यात हात घालतो, दाणा दाताखाली धरून ओल बघतो. ऑनलाईन दुकानात गेमला हात लावता येत नाही, म्हणून तिथं दुसऱ्याच्या मतावर भार जास्त पडतो.

मी संख्याशास्त्र शिकवते. या विषयावर दोन प्रयोग झालेत, ते इथं फार उपयोगी आहेत.

पहिला २००६ सालचा, सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा. त्यांनी एक वेबसाईट केली, अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली आणि साधारण चौदा हजार लोकांना ऐकायला बोलावलं. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं, आणि त्यांना आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसत असे. गाणी तीच, पण प्रत्येक गटात वर आलेलं गाणं वेगळं. सुरुवातीला चार जणांनी जे उचललं ते पुढं फुगत गेलं. मात्र सगळ्यात चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सगळ्यात वाईट क्वचितच वर आली. मधल्यांचं मात्र कुठंही काहीही झालं. आणि बहुतेक गेम मधलेच असतात.

दुसरा २०१३ सालचा, मुचनिक, अराल आणि टेलर यांचा. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका साईटवर एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांपैकी काहींना, कुठल्या ते नशिबावर सोडून, पोस्ट होताच एक खोटं वरचं मत दिलं, काहींना खालचं, बाकीच्या तशाच ठेवल्या. वरचं मत मिळालेल्या प्रतिक्रियेला पुढचा वाचणारा वरचं मत द्यायची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. खालच्या मताचं उलट झालं. लोकांनी ते येऊन भरून काढलं, शेवटी फरक उरला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग वाईट रिव्ह्यूची भीती कशाला? पण तिथं वाचायला पैसे पडत नव्हते. इथं वाईट रिव्ह्यू वाचून जो परत गेला त्यानं गेम घेतलाच नाही, मग तो दुरुस्त करायला येणार कुठून? ज्यांना गेम आवडला असता तेच दारातून परत जातात. म्हणून दुकानात सुरुवातीचं खालचं मत जास्त काळ टिकतं, असं माझं मत आहे.

आणि नुसतं गणित बघा. दहा रिव्ह्यूत दोन वाईट असले तर ८०, तीन असले तर ७०, चार असले तर ६० म्हणजे थेट ‘मिक्स्ड’. एका माणसाचं वजन दहा टक्के. दोनशे रिव्ह्यू झाले की तोच माणूस अर्ध्या टक्क्याचा.

वाळूज_शिफ्ट

सिंदफणाताई, हे वाचून मला उलटंच वाटायलंय. सगळं नशिबावरच आहे. ‘अमंग अस’ २०१८ ला आला, दोन वर्षं कुणी विचारलं नाही, २०२० ला जग खेळायलं. ‘नो मॅन्स स्काय’ला ऑगस्ट २०१६ मध्ये लोकांनी इतके वाईट रिव्ह्यू दिले की उठणार नाही असं वाटत होतं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्याचा एकूण शेरा ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ झाला. पहिल्या रिव्ह्यूनं काय ठरलं मग?

देवगिरी (छ. संभाजीनगर)

वाळूज, उदाहरणं खरी आहेत, पण ‘नो मॅन्स स्काय’ पहिल्याच आठवड्यांत प्रचंड विकला होता. त्या पैशावर तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सला वर्षानुवर्षं अपडेट देता आले. शिवाय मे २०१६ पासून स्टीम मागच्या तीस दिवसांचे रिव्ह्यू वेगळे दाखवतं, त्यामुळं सुधारणा केली तर ती नव्या ग्राहकाला दिसते. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्या तिघांकडं आठ वर्षं थांबायला पैसा कुठून येणार? ‘अमंग अस’ला तर स्ट्रीमरांनी, म्हणजे गेम खेळताना ऑनलाईन थेट दाखवणाऱ्यांनी वर काढलं.

वाळूज_शिफ्ट

हे पटलं. पण म्हणून मामा-मावशी?

तेरणा (धाराशिव)

मामा-मावशीवर माझ्याकडं सांगण्यासारखं आहे. मी मोबाईल गेमवाली. ओळखीच्या एका टीमनं प्ले स्टोअरवर हेच केलं. गावातल्या आणि पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांनी पाच-पाच स्टार दिले. दोन-चार दिवस आकडा छान दिसला. मग खरे खेळणारे आले, त्यांना दुसऱ्या लेव्हलला फोन गरम होताना दिसला, आणि त्यांचे स्टार खाली यायला लागले. ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअर ताज्या रेटिंगला जास्त वजन देतं, जुन्याला कमी. म्हणजे नातेवाइकांचे जुने स्टार मागं पडत गेले आणि फोन गरम झालेल्यांचे ताजे स्टार वर आले.

आणखी एक. नोव्हेंबर २०२१ पासून तिथं रेटिंग देशागणिक वेगळं दिसतं. तुमच्या मावशीनं लातूरमधून दिलेला स्टार जर्मनीतल्या माणसाला दिसतच नाही. स्टीमवर तसं नाही, एवढा फरक आहे.

परभणीचा_पोऱ्या

जर्मनीतल्या माणसाला परभणीचा स्टार तरी दिसतोय का? तो तर दिसायलाच पाहिजे.

सिंदफणा (बीड)

पोऱ्या :D

तेरणा, देशांबरोबर भाषेचंही आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून स्टीमनं दोन हजारांहून जास्त रिव्ह्यू असलेल्या गेमना, ज्या भाषेत दोनशे तरी रिव्ह्यू आहेत त्या भाषेचे वेगळे गुण दाखवायला सुरुवात केलीय. छोट्या गेमला अजून सगळ्यांची गोळाबेरीज एकच.

गोदाकाठचा (नांदेड)

मी बनवणारा नाही, खेळणारा आहे. गिऱ्हाईक काय बघतं ते सांगतो.

माझ्याकडं जुना लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पानावर गेलो की वरचा शेरा वाचतो खरा, पण लगेच खाली जाऊन वाईट रिव्ह्यू आधी उघडतो. तिथं माणसानं किती तास खेळून लिहिलं ते छापलेलं असतं. चाळीस तास खेळून ‘शेवट आवडला नाही’ म्हणणारा माणूस माझ्यासाठी गेमची जाहिरातच करतोय. वीस मिनिटांत ‘चालूच होत नाही’ म्हणणारा मला घाबरवतो, कारण माझाही लॅपटॉप तसलाच.

आणि नातेवाइकांचे रिव्ह्यू आम्हाला ओळखू येतात, दादा. एकाच संध्याकाळचे सात-आठ, सगळ्यांचे खेळलेले तास शून्य दशांश दोन, सगळ्यांचं ‘अप्रतिम गेम, नक्की घ्या’. त्यात कोडं कसं आहे, आवाज कसा आहे, कुठं अडलं, एक शब्द नसतो. असं पान दिसलं की मी बंद करतो. गेम चांगला असला तरी बंद करतो, कारण मला त्यातून काहीच कळलेलं नसतं. पुन्हा त्या पानावर जाणं होत नाही.

दोन तासांच्या आत आणि चौदा दिवसांच्या आत परतावा मिळतो हे खरं, पण महिन्याला एखादाच गेम घेणाऱ्याला तोही व्याप नको असतो.

उदगीरकर

गोदाकाठचे म्हणतात ते मोंढ्यातही आहे. पोटलीचा भाव चांगला निघाला आणि पोत्यात ओल निघाली, तर त्या शेतकऱ्याला पोटलीचा भाव मिळत नाही. वर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात.

अंबाजोगाईकर

विषयाला सोडून थोडं. बारवेत उतरताना आवाज बदलतो, ते गेममध्ये घेतलंय का? अंबाजोगाईच्या बारवांत लहानपणी उतरायचो. वरचा रस्ता सात-आठ पायऱ्यांनंतर ऐकू येईनासा होतो आणि आपलंच बोलणं समोरून परत येतं. हे जमलं तर माझा रिव्ह्यू त्या एकाच गोष्टीवर असेल.

मांजराकाठ (लातूर)

अंबाजोगाईकर, घेतलंय! आवाजाचं काम बघणारा मित्र रेकॉर्डर घेऊन बारवांत जाऊन बसला होता. प्रत्येक टप्प्याला घुमण्याचं प्रमाण वेगळं ठेवलंय. हेडफोन लावूनच खेळा.

गोदाकाठचे, तुमच्या पोस्टवर आमच्या ग्रुपमध्ये काल बराच वेळ बोलणं झालं. शून्य दशांश दोन तास ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

जालन्याहून

मी वकिली करतो, ग्राहक मंचात जाणं-येणं असतं. मामा-मावशीचा मुद्दा नुसता शहाणपणाचा नाही, नियमांचाही आहे.

भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाईन ग्राहक रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे, छापायचे याबद्दल ते आहे. सुरुवातीला ऐच्छिक ठेवलंय. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहेच. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम लागू झालाय. त्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी नातं न सांगता आपल्या जवळच्या नातेवाइकांकडून रिव्ह्यू मागण्याचाही उल्लेख आहे. तुमचे ग्राहक तिकडेही असणार. स्टीमचे स्वतःचे नियमही स्पष्ट आहेत: स्वतःच्या गेमचा रिव्ह्यू स्वतः लिहायचा नाही, पैसे किंवा बक्षीस देऊन लिहवून घ्यायचा नाही.

नात्यातल्या कुणाला खरंच गेम आवडला, त्यानं विकत घेऊन पूर्ण खेळला आणि ‘हा माझ्या भाच्याचा गेम आहे’ असं लिहून रिव्ह्यू टाकला, तर वाचणाऱ्याला निदान फसवलं जात नाही.

वाळूज_शिफ्ट

वकीलसाहेब, उलट बाजूचं काय? ठरवून वाईट रिव्ह्यू टाकणारे? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतली पोरं टिकटॉकला एक स्टार द्यायला बसली होती. ॲप वापरलंय का विचारलं तर नाही म्हणायची.

देवगिरी (छ. संभाजीनगर)

तेव्हा प्ले स्टोअरवर टिकटॉकचं रेटिंग साडेचारच्या आसपासहून दोनच्या खाली आलं होतं आणि गूगलनं लाखो रिव्ह्यू काढून टाकले. स्टीमवर सप्टेंबर २०१७ मध्ये रिव्ह्यूंचा काळानुसार आलेख द्यायला सुरुवात झाली, अचानक लाट आली तर दिसावी म्हणून. मार्च २०१९ पासून विषयाला सोडून आलेली लाट ओळखून ती गुणांतून वगळतात. पण मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ला प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं करायचं ठरलं, तेव्हा लोकांनी लाखोंनी वाईट रिव्ह्यू टाकले आणि काही दिवसांतच प्लेस्टेशनवाल्या सोनीला माघार घ्यावी लागली. त्या लोकांचं म्हणणं गेमशीच संबंधित होतं. म्हणून ‘लाट म्हणजे खोटी’ असंही धरता येत नाही.

एपिक गेम्स स्टोअरनं २०२२ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तिथं दोन तासांपेक्षा जास्त खेळलेल्यांतूनच काहींना सहज निवडून मत विचारतात. कुणीही उठून रेटिंग देऊ शकत नाही. ठरवून केलेला हल्ला अवघड होतो, पण लोकांना जे सविस्तर लिहायचं असतं ते तिथं राहून जातं. मला तरी स्टीमचा मोकळेपणा बरा वाटतो, त्रास असला तरी.

सिंदफणा (बीड)

मूळ प्रश्नाकडं येऊया का? मांजराकाठ विचारतायत की दहा कुठून आणायचे. छोट्या डेव्हलपरांचा ढोबळ अंदाज असा की साधारण तीस ते पन्नास प्रती विकल्या की एक रिव्ह्यू येतो. म्हणजे दहा रिव्ह्यूंना तीनशे ते पाचशे प्रती लागणार. हा आकडा बघितला की माणूस मावशीला का फोन करतो ते कळतं. खरं काम त्या पाचशे लोकांपर्यंत पोचण्याचं आहे, आणि ते गेम बाजारात यायच्या आधीच करावं लागतं.

देवगिरी (छ. संभाजीनगर)

बरोबर. विशलिस्टमध्ये असलेल्यांना गेम आला की स्टीमच ईमेल पाठवतं. ते लोक आधीपासून उत्सुक असतात, म्हणून पहिले रिव्ह्यू त्यांच्याकडून आले तर ते खरेही असतात आणि बहुधा चांगलेही. विशलिस्ट वाढवायला नेक्स्ट फेस्ट (येणाऱ्या गेमचे डेमो दाखवायचा स्टीमचा ऑनलाईन महोत्सव) आहे, पण त्यात एका गेमला एकदाच भाग घेता येतो. तेव्हा डेमो घाईनं टाकू नका.

आणि २०२४ च्या जुलैपासून डेमोला स्वतःचं वेगळं पान ठेवता येतं, त्यावर वेगळे रिव्ह्यू येतात. ते मूळ गेमच्या गुणांत मिसळत नाहीत. तुमच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. कडू-गोड जे असेल ते आधी तिथं ऐकून घ्या. ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला टाकलात तर मात्र तिथले रिव्ह्यू पुढं कायम राहतात, हे लक्षात असू द्या.

तेरणा (धाराशिव)

रिव्ह्यू मागायला लाजू नका, फक्त ‘चांगला लिहा’ म्हणू नका. ‘कसा वाटला ते लिहा’ एवढंच पुरे. प्ले स्टोअरवर तर ‘गेम आवडला का?’ असं आधी विचारून फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच रिव्ह्यूच्या खिडकीकडं पाठवणं नियमात बसत नाही. २०१९ मध्ये स्टीमनंही लायब्ररीतच (आपण घेतलेल्या गेमच्या यादीत) लोकांना खेळलेल्या गेमबद्दल रिव्ह्यू लिहायची आठवण करून द्यायला सुरुवात केली. गप्प असलेले, पण समाधानी लोक त्यामुळं बोलते होतात.

मांजराकाठ (लातूर)

धागा मागं पडला होता, वर आणतो. डेमो वेगळ्या पानावर टाकला. नातेवाइकांना सांगितलं की खेळा, अडलं तर मला फोन करा, पण रिव्ह्यू लिहू नका. मावशी थोडी रुसली, कारण तिनं लिहून ठेवला होता.

डेमोवर आलेल्या पहिल्या रिव्ह्यूंत एक वाईट आहे. ब्राझीलच्या माणसाचा, १.४ तास खेळून लिहिलेला. म्हणणं असं की मोटेचा दोर ट्रॅकपॅडवर ओढताच येत नाही. बोट कडेला पोचतं, दोर सुटतो, बादली परत खाली. आम्ही तिघंही माऊसवर खेळत होतो. त्या रात्री माऊस काढून ठेवला आणि ट्रॅकपॅडवर खेळलो. तो म्हणतो तसंच होत होतं. आता एकदा क्लिक केलं की दोर हातात राहतो, पुन्हा क्लिक केलं की सुटतो. त्याच्या रिव्ह्यूखाली काय बदललं ते लिहिलं आणि आभार मानले.

चार दिवसांनी त्यानं रिव्ह्यू बदलला. अंगठा अजून खालीच आहे! नवं लिहिलंय, ‘दोराचं जमलं. पण तिसरं कोडं उगाच लांबवलंय, पाणी चढायची वाट बघत बसावं लागतं.’ यावर आमच्यात पुन्हा दोन तट पडलेत. मला वाटतं पाणी सावकाशच चढायला हवं, तोच तर बारवेचा स्वभाव. मित्र म्हणतो वेग वाढवायचं बटण दे.

अंबाजोगाईकर

सावकाशच ठेवा. पाणी चढताना आवाज बदलत जाऊ द्या, म्हणजे वाट बघणं जड जाणार नाही.

गोदाकाठचा (नांदेड)

बटण द्या, दादा. ज्याला थांबायचंय तो थांबेल. आणि त्या ब्राझीलवाल्याला धरून ठेवा. इतकं बारकाईनं लिहिणारा माणूस खाली अंगठा देऊनही तुमचं काम करतोय. मी त्याचा रिव्ह्यू वाचला असता तर खाली तुमचं उत्तर बघून गेम घेतला असता.

सिंदफणा (बीड)

गोदाकाठचे म्हणतात ते महत्त्वाचं आहे. उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, पुढं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं. फक्त प्रत्येक वाईट रिव्ह्यूखाली वाद घालत बसू नका. चूक दाखवलेली असेल तिथंच उत्तर द्या. आवड-निवडीचं असेल तर सोडून द्या.

मांजराकाठ (लातूर)

ठीक. बटण देतो, पण सुरुवातीला बंद ठेवतो. आवाजाचं अंबाजोगाईकर म्हणतात तसं करून बघतो. परभणीच्या पोऱ्या, चौथी लेव्हल चक्राकार बारवेची आहे, वालूरवरून घेतलीय. नाव काय द्यायचं ते सांग.

आणखी एक मदत हवीय. जुन्या लॅपटॉपवर कसं चालतं ते आम्हाला इथं तपासता येत नाही, आमच्याकडं तसलं मशीनच नाही.

गोदाकाठचा (नांदेड)

माझा आहेच, शिवाय भावाचा त्याहून जुना आहे, चार जीबी रॅमचा. रविवारी दोन्हीवर चालवतो. कुठल्या लेव्हलला किती फ्रेम पडतात आणि पंखा कधी ओरडायला लागतो ते लिहून पाठवतो. रिव्ह्यू मात्र गेम विकत घेतल्यावरच टाकणार.